घाट बंद

कळे सुटलं की रस्ता कुंभीच्या नादाला लागतो.
साळवण, असळज, दोन्ही बाजूंना उसाच्या भिंती,
त्यांच्यावरून डोंगर डोकावतात
पाठ करून बसलेल्या माणसांसारखे,
आणि गगनबावड्यात अचानक
जमीनच संपते.

मी तिथे मोजायला आलो होतो.
खांद्यावर तिपाई, खिशात खात्याची वही.
बारा वर्षांत घाटाला किती ठिगळं लावली
याचा हिशेब वरच्यांना हवा होता.

धाकलू झोरे, मैलकुली. खाकी सदऱ्याला बटणं दोन.
मोऱ्या उपसतो, कठड्यांना चुना देतो,
गवा आडवा आला तर त्याच्याशी बोलून रस्ता मोकळा करतो.
म्हणाला, सायेब, ह्यो रस्ता पोरगा हाय.
त्याचा बा खाली हाय. आजा त्याच्याबी खाली.

कारवी सारत उतरलो.
जांभा संपला, काळा पत्थर लागला,
पत्थरात एक वाटी, खुराएवढी.
तिच्यापुढे दुसरी. मग तिसरी.
खारेपाटणचं मीठ चढवताना,
गुळाच्या ढेपा उतरवताना
लमाणांचे बैल नेमके तिथेच पाय टाकत गेले,
शंभर वर्षं की चारशे,
धाकलूला ठाऊक नाही, मलाही नाही.
वाटीत पाणी होतं. पाण्यात बेडूक.

मी म्हटलं, घाटाघाटात एकच गोष्ट ऐकतो:
वाट धनगरानं दाखवली,
आणि मग साहेबानं त्यालाच...
"आमच्यात कुणी न्हाई दावली," धाकलू हसला.
"म्हशीनं दावली. पाण्याच्या वासावर उतरली.
पणजा तिला शिव्या घालत मागनं,
पणज्याच्या मागनं सायेब, टोपी सांभाळत.
बक्षीस द्याय गेले तर
ती डुंबत बसली हुती."

त्या श्रावणात नवव्या वळणावर दरड आली.
रात्रीबित्री नाही, सकाळी सव्वासातला,
चहा उकळत असताना
डोंगरानं नुसता एक खांदा उडवला.
मळीचे टँकर, नारळाचे टेम्पो,
देवगडला निघालेली एसटी,
रांग पार बाजारापर्यंत.
मी वहीत लिहिलं: घाट बंद.

दुपारी कारवी हलली.
आधी टोपली वर आली,
मग टोपलीखालची खैरुन काझी, बोंबीलवाली.
"बंद? कोण सांगता?"
पोटरीची जळू तिनं तपकिरीनं सोडवली,
"माझ्या सासूक ह्यो डांबरी ठावकच नाय होतो."
धाकलूनं टोपली उतरवून घेतली.
तिनं मूठभर जवळा त्याच्या ओंजळीत टाकला:
"ही घे. जकात."
दोघं इतके हसले
की मला वाटलं, इथे कधीतरी चौकी असणार,
आणि तेव्हाही कुणी असंच हसलं असणार
किंवा अजिबात नसणार.

"घाट बंद" मी खोडलं नाही. सरकारी वही.
खाली, वाहतूक गणनेच्या रकान्यात
जड वाहने शून्य, हलकी वाहने शून्य,
आणि ज्याला रकानाच नव्हता ते समासात:
टोपली, एक. चढती.

एकोणीस दिवसांनी डांबर पडलं.
टँकर पुन्हा हॉर्न देत वळायला लागले,
वरून कुणी विचारलं नाही समासातलं.

निघायच्या दिवशी धाकलू दगड रंगवत होता,
कोल्हापूर पंचावन्न,
पिवळ्यावर पिवळा, काळ्यावर काळा.
शेजारच्या जुन्या कोपऱ्यावर मी नख चालवलं.
पंचावन्नाखाली फिकट चौतीस निघाले,
मैलांच्या काळातले.
चौतीसच्या खाली अजून काहीतरी होतं,
एक रेघ, कदाचित अक्षर,
कदाचित छिन्नी नुसती घसरलेली.

"नगा खरवडू सायेब," धाकलू म्हणाला,
"मला परत रंगवाय लागंल."